तिसरा पुकारा

"...आणि या दोघांच्या लग्नाला कोणाची रास्त हरकत असेल, तर त्यानं ती सांगावी. हा पहिला पुकारा." अमोलिक पाळकसाहेबांनी कागदाची घडी घातली, चष्मा काढला, आणि अख्खं चर्च मान वळवून माझ्याकडं बघायला लागलं.

मी छताच्या पंख्याकडं बघत बसले. एक पातं वाकडं होतं त्याचं. इतकी वर्षं त्या चर्चमध्ये जात होते, पण ते मला त्या दिवशी दिसलं.

शेजारच्या मंजुळाबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "अभिनंदन हो सिस्टर! भाऊ मार्गी लागला तुमचा. सुटलात आता."

"मी कुठं अडकले होते?" मी म्हणाले.

लग्नाआधी तीन रविवार नावं वाचायची, हे सगळ्याच चर्चमध्ये चालतं. पण आमच्या बेलठाणच्या मंडळीत एक जास्तीची रीत होती. फार मागं कुणा पाळकानं घालून दिलेली. तिसरा पुकारा झाला की पाळक विचारणार, "मुलगी कोण देतं?" मुलीकडच्या वडीलधाऱ्यानं उभं राहून म्हणायचं, "दिली." मग, "मुलगा कोण देतं?" मुलाकडच्यांनी म्हणायचं, "दिला." मुलगी तेवढी द्यायची आणि मुलगा राखून ठेवायचा, असं नाही, लेकरं दोन्ही देवाचीच, आपल्याकडं नुसती सांभाळायला दिलेली, असं त्या पाळकाचं म्हणणं. तो एक शब्द उच्चारल्याशिवाय बेलठाणात लग्न लागत नसे. आजवर कुणी अडून बसलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

दासूला आईवडील नव्हते. म्हणजे तो शब्द माझ्या तोंडून निघायचा होता.

दासू माझा भाऊ. कागदोपत्री प्रभुदास ओहोळ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि मी एकोणीसची. वडील आधीच गेलेले. मी मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होते. मेट्रनच्या हातापाया पडून मी त्याला नर्सेसच्या खोल्यांत ठेवून घेतला. त्याला गोवर झाला, कांजिण्या झाल्या, गणितात तो दोनदा नापास झाला, सगळं मी निस्तरलं. चोविसाव्या वर्षी मला एका कंपाउंडरचं स्थळ आलं होतं. माणूस चांगला होता. पण म्हणाला, "पोराला बोर्डिंगात घालू." मी त्यांची साडी परत पाठवली. ही गोष्ट मी दासूला कधी सांगितली नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. तो जवळ बसलेला असतानासुद्धा.

आता तो सत्तावीस वर्षांचा होता. वीज मंडळात नोकरीला होता. आणि त्याला लुदिया गोर्डे पाहिजे होती.

लुदिया प्राथमिक शाळेत बाई होती. चोवीस वर्षांची, सडसडीत, उगाचच हसणारी. तिची विधवा आई राहेलबाई लहान मुलांचे फ्रॉक शिवून विकायची. दोघी चर्चच्या मागच्या गल्लीत राहायच्या. मुलीत नाव ठेवायला जागा नव्हती, आणि माझं दुखणं तेच होतं. नाव ठेवायला जागा असती तर मी ठेवलं असतं आणि मोकळी झाले असते.

काय काय सांगू? आमच्या घरात तो दासू होता. ही आली आणि तो 'प्रभुदास' झाला. "प्रभुदास, पाणी हवंय?" "प्रभुदास, छत्री घेतली का?" रविवारी दुपारी माझ्या हातचं मटण खाणारा माणूस तीन वाजता घरी येऊन म्हणायचा, "ताई, मी लुदियाकडं जेवलो." एकदा त्याच्या निळ्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं. मी शिवायला सुईदोरा घेऊन बसले, तर ते आधीच शिवलेलं. फुलीचा टाका घालून. मी बटणाला समोरासमोर दोन टाके घालते, माझ्या आईनं तसंच शिकवलं होतं. मी कात्री घेतली, ते बटण कापलं आणि माझ्या पद्धतीनं पुन्हा शिवलं. बेचाळीस वर्षांची बाई, वॉर्डची इनचार्ज, आणि दार लावून बटण कापत बसले होते!

त्यातच जालन्याची बढतीची ऑर्डर आली. लग्न झालं की दोघं जालन्याला जाणार. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो ऐकला होता, पण ही नागीण तर बिळातला उंदीर घेऊन दुसऱ्या गावी निघाली होती. माझी खात्री होती की बदलीची फूस तिचीच.

दुसऱ्या पुकाऱ्याआधी बुधवारची घरप्रार्थना आमच्याकडं होती. ईस्टर होऊन गेलेलं, उन्हाळा मी म्हणत होता. दहाबारा बायका सतरंजीवर बसल्या, त्यात राहेलबाई आणि लुदियाही. गाणं झालं, वचन वाचून झालं, आणि एकेकीनं प्रार्थना करायची वेळ आली.

आमच्या लोकांची एक खोड सांगते. तोंडावर जे बोलायची हिंमत होत नाही, ते आम्ही डोळे मिटून देवाला सांगतो. मोठ्यानं. ज्याला ऐकवायचं तो समोरच बसलेला असतो, पण त्याला उलट बोलता येत नाही, कारण आपण त्याच्याशी बोलतच नसतो.

मी सुरू केलं. "हे स्वर्गीय पित्या, आजकालच्या मुलींना नम्रता दे. दुसऱ्यानं रक्ताचं पाणी करून उभं केलेलं घर आयतं हाती येतं, तेव्हा त्याची किंमत त्यांना कळू दे. आपल्याच सोयीनं कुणाला कुठं ओढून नेऊ नये, अशी बुद्धी दे."

"आमेन," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांना असल्या प्रार्थना फार आवडायच्या.

मग लुदियाचा आवाज आला. "हे प्रभू, ज्या हातांनी प्रभुदासला लहानाचं मोठं केलं, त्या हातांना आशीर्वाद दे. ते हात थकले असतील. त्यांना आता विसावा दे."

विसावा! म्हणजे मला निवृत्त करायला निघाली ही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी पाळी होऊन गेली होती, तरी मी पुन्हा डोळे मिटले. "हे प्रभू, हे हात अजून थकलेले नाहीत, हे तू जाणतोस—"

"सिस्टर," मंजुळाबाई कुजबुजल्या, "आता प्रभूची प्रार्थना घ्यायचीय."

चहा देताना मी लुदियाच्या कपात साखर घातली नाही. तिनं तो हसत हसत पिऊन टाकला. माझं डोकं जास्तच फिरलं.

जाताना मंजुळाबाई दारात रेंगाळल्या. "पोरगी गुणी आहे हो. लहानपणी मात्र फार आजारी असायची. आपल्याच दवाखान्यात आणायची तिची आई, रात्री-अपरात्री. काय होतं कुणास ठाऊक."

मी पेले विसळत होते, ते तसेच ठेवले.

जुने केसपेपर ज्या खोलीत असायचे, तिची किल्ली माझ्याकडं होती. दुसरा पुकारा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुपारी वॉर्ड शांत असताना मी ती खोली उघडली. मेणबत्ती हातात घेऊन घेतलेली नर्सची शपथ मला पाठ होती. रोग्याची गोष्ट रोग्यापाशी. नव्या पोरींकडून ती मीच पाठ करून घ्यायचे. तरी मी धूळ झटकत झटकत गठ्ठे उपसले. दीड तास लागला. लुदिया गोर्डे, वय दहा. आकडी. खाली पुन्हापुन्हा तेच: आकडी, आकडी, वाढवलेली गोळी, आकडी.

खोटं कशाला बोलू? मला कीव आली नाही. मला हर्ष झाला. सापडलं एकदाचं, असं मी चक्क मोठ्यानं म्हणाले.

शनिवारपर्यंत मी दम धरला. शनिवारी दासू कामावरून आला, हातपाय धुऊन कैरी चिरत बसला. मी समोर पाट घेतला.

"दासू, मन घट्ट कर. तुझ्यापासून एक गोष्ट लपवलीय त्या लोकांनी."

"कुठल्या लोकांनी?"

"लुदियाला आकड्या येतात."

त्यानं कैरीच्या फोडीला मीठ लावलं. "येत होत्या. आता दोन वर्षं आली नाही. गोळी घेते रोज."

"तुला ठाऊक आहे?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं तिनं. म्हणाली, आधी हे ऐक आणि मग काय ते बोल." तो थांबला आणि माझ्याकडं बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

मी मिठाची वाटी उगाच त्याच्याकडं सरकवली.

"केसपेपर काढलास तू?"

"तुझ्या भल्यासाठी काढला."

"ताई!" एवढंच म्हणाला. त्यानं आरडाओरडा केला असता तर मला बरं पडलं असतं. मी पण आवाज चढवला असता. पण तो तसाच बसून राहिला. लहानपणी मी न विचारता त्याचा गोट्यांचा डबा मोरीत फेकला होता, तेव्हा असाच बसला होता.

"आणि जालना?" मी विचारलं. गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. "ते कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"जालन्याची ऑर्डर तिसऱ्यांदा आलीय, ताई. आधी दोनदा मी नको म्हणून लिहून दिलं. तेव्हा लुदिया कुठं होती?"

"मला बोलला नाहीस!"

"काय बोलणार? तू एकटी पडशील म्हणून नको म्हणालो. ते तुला सांगितलं असतं तर उपकार केल्यासारखं झालं असतं." त्यानं ताटली बाजूला सरकवली. "या वेळी मला जायचंय. पण ऐक. लुदियानं एक अट घातलीय. उद्या ताईंनी मनापासून 'दिला' म्हटलं तरच लग्न. ओढून आणलेला नवरा मला नको म्हणाली."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी हो म्हणालो. तू उद्या उभी राहिली नाहीस, तर मी जात नाही. लग्नही करत नाही, हेही नाही आणि दुसरंही नाही. इथंच राहीन तुझ्यापाशी." एसटीची वेळ सांगावी तसं त्यानं हे सांगितलं आणि बाहेर जाऊन चपला पुसायला बसला.

मी जिंकले होते! एक शब्द बोलायचा नाही, एवढंच काम. नुसतं बसून राहायचं, आणि दासू माझा. मी लगोलग पिशवी घेतली, मटण आणलं, वाटण वाटलं, त्याच्या आवडीचा रस्सा केला. तो जेवला. सगळं जेवला. "छान झालंय, ताई," म्हणाला. मी समोर बसून बघत होते. वॉर्डातले रोगी असे जेवतात. भूक नसते, पण सिस्टरनं सांगितलंय म्हणून ताट रिकामं करतात.

तरी माझा हट्ट सुटला नाही. भांडी घासता घासता मी देवाशी भांडले. या वेळी डोळे उघडे ठेवून. म्हटलं, तू मला आई ठेवली नाहीस, नवरा दिला नाहीस, पोर दिलं नाहीस. हा एक दिलास. आणि आता हात पुढं करून तोही परत मागतोस? देत नाही जा.

रविवारी मी पांढरी साडी नेसले, कडक इस्त्रीची. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर, माझ्या नेहमीच्या जागी बसले. मंजुळाबाई शेजारी होत्याच. पलीकडं पुरुषांच्या बाजूला दासू होता, निळ्या सदऱ्यात. लुदिया पुढं शाळेच्या मुलांबरोबर बसली होती. त्या दिवशी तिच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते बघून मला जरा बरं वाटलं, इतकी मी वाईट होते.

उपदेश काय झाला ते मला आठवत नाही. पाळकसाहेबांनी घडीचा कागद काढला, नावं वाचली. "हा तिसरा पुकारा. कोणाची हरकत?" बाहेर कुठंतरी एक होला घुमत होता, तेवढाच आवाज. "हरकत नाही. तर मंडळीच्या रीतीप्रमाणं विचारतो. मुलगी कोण देतं?"

राहेलबाई उभ्या राहिल्या. या तीन आठवड्यांत मी त्यांच्याकडं एकदाही नीट बघितलं नव्हतं. बुटकी, वाळकी बाई, फिकट जांभळं लुगडं, हाताच्या बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले.

"दिली!" त्या म्हणाल्या. खणखणीत आवाजात. विचारायचा अवकाश, शब्द तयार.

आणि मग खाली बसायच्या ऐवजी त्या बाकातून बाहेर आल्या आणि अनवाणी पायांनी तुरूतुरू माझ्याकडं चालत निघाल्या.

"राहेलबाई, बसा आता," पाळकसाहेब म्हणाले.

"बसते की साहेब. दोन मिनिटांचं काम आहे." त्यांनी मंजुळाबाईंना सरकवलं आणि माझ्या शेजारी टेकल्या. कनवटीला खोचलेली एक फडक्याची गुंडाळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

मी फडकं सोडलं. आत एक पितळी चमचा होता. त्याची कड दातांच्या खुणांनी चेपली होती. फडकं धुऊन धुऊन विरलेलं.

"हे काय?" मी कुजबुजले. सगळं चर्च कान टवकारून बसलं होतं.

"लुदियाचा चमचा. तिला आकडी येते ना, तेव्हा दातांत घालायचा." त्यांना कुजबुजायची कला नव्हती. "चौदा वर्षं माझ्यापाशी आहे. ती शाळेत जायची तेव्हा मी हा घेऊन भिंतीबाहेर लिंबाखाली बसायचे. तिथंच बसून शिवायचे. मास्तरीण व्हायला नगरला गेली, तर मी त्या होस्टेलात भाकऱ्या बडवायला राहिले. दोन वर्षं. झोपले तरी हा मुठीत असायचा."

माझ्यातली नर्स गप्प राहीना. "अहो, दातांत चमचा घालायचा नसतो. दात तुटतो, जीभ फाटते. कुशीवर वळवायचं आणि थांबायचं. आकडी आपली आपण थांबते. चमच्यानं काही होत नाही."

"ठाऊक आहे. दहा वर्षांखाली डॉक्टरांनी सांगितलं मला. त्यानंतर एकदा नाही घातला."

"मग जवळ कशाला बाळगलात?"

"हातात काहीतरी धरलेलं असलं की बरं वाटतं, सिस्टर. वाटतं, मी धरलंय म्हणून पोर जिवंत आहे." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "धरणारा दुसराच होता. मी नुसता चमचा धरून बसले होते. आता ती जालन्याला जाणार. हा माझ्यापाशी राहिला, तर मी हा घेऊन तिच्या दारात जाऊन बसेन, मी मला चांगली ओळखते. म्हणून तुमच्याकडं देते. मी मागितला तरी परत द्यायचा नाही."

"पण माझ्याकडं का?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की हे काय विचारता! "एवढ्या मंडळीत हे दुसऱ्या कुणाला कळेल?"

तीन आठवडे मी एकटीच लुबाडली जात होते. माझा भाऊ, माझं घर, माझी वर्षं. या पोरीलाही कुणी वाढवलं असेल, कुणी तिच्या उशाशी जागलं असेल, आणि ते माणूसही याच रविवारी रिकामं होणार आहे, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. केसपेपरवर आकड्यांच्या तारखा वाचल्या होत्या मी. त्या प्रत्येक तारखेला पोरीला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत कोण पळत आलं होतं, ते वाचलं नव्हतं.

आणि मला हेवा वाटला. आतापर्यंत वाटला नव्हता एवढा. लुदियाचा नाही, या फाटक्या बाईचा. माझ्यापेक्षा जास्त धरून ठेवलं होतं तिनं, आणि शब्द कसा सहज निघाला तिच्या तोंडून! मला तसं येत का नाही? रोज पहाटे गुडघ्यावर बसणारी मी, बायकांना बायबल शिकवणारी मी!

"मुलगा कोण देतं?" पाळकसाहेबांनी विचारलं. बहुतेक दुसऱ्यांदा विचारलं असावं, कारण आवाज जरा चढला होता.

मी पलीकडं बघितलं. दासू माझ्याकडं बघत नव्हता. मला दडपण येऊ नये म्हणून तो मुद्दाम जमिनीकडं बघत होता. तेवढं मला कळलं. मी वाढवलेलं पोर होतं ते.

मी उभी राहिले. तोंड उघडलं तर घशातून आवाजच येईना.

"काय म्हणालात, सिस्टर?" पाळकसाहेब वाकून म्हणाले.

"म्हणाल्या, म्हणाल्या! दिला म्हणाल्या!" मंजुळाबाई ओरडल्या.

"मंजुळाबाई, तुम्ही गप बसा," मी म्हणाले. आणि नेमका त्याच रागात माझा आवाज मोकळा झाला. "दिला. पाळकसाहेब, मी देते. दिला माझा दासू."

मग मी धपकन बाकावर बसले. कोण हसलं, कोण रडलं, मला माहीत नाही. राहेलबाईंनी माझी मूठ चमच्यासकट आपल्या दोन्ही हातांत घेतली होती, एवढं आठवतं.

केसपेपरचं मी लुदियाला त्याच दुपारी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. या खेपेला ती हसली नाही, आणि माफ केलं असंही लगेच म्हणाली नाही. "मला थोडे दिवस द्या, ताई," म्हणाली. ती खोटं बोलत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा आवडलं. सोमवारी मी मेट्रनकडं जाऊन त्या खोलीची किल्ली परत केली.

पुढच्या शनिवारी लग्न लागलं, आणि त्याच्या चौथ्या दिवशी दोघं जालन्याच्या गाडीत बसली. एक ट्रंक, दोन वळकट्या, स्टोव्ह. दासू खिडकीतून माझा हात धरून रडत होता. गाडी सुरू झाली तशी मी हात सोडवून घेतला, त्यानं सोडेपर्यंत थांबले नाही. आणि गाडी स्टँडच्या फाटकातून वळायच्या आत मला दिसलं, लुदिया काहीतरी बोलली आणि तो डोळे पुसता पुसता खळखळून हसला. मला तिचा हेवा वाटला. सगळं देऊन झाल्यावरसुद्धा वाटला. लबाडी कशाला करू?

शेजारी राहेलबाई गाडीमागं दोन पावलं धावल्या आणि थांबल्या. धुरळा बसेपर्यंत तशाच उभ्या होत्या. मग वळून त्यांनी हात पुढं केला.

"सिस्टर, तो चमचा द्या बघू जरा."

"नाही."

"अहो, नुसता बघते. एकदाच."

"नाही म्हणजे नाही."

"दगड आहात दगड!" त्या म्हणाल्या, आणि भर स्टँडवर तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. मीही रडले. शेंगा विकणारी बाई आमच्याकडं बघत राहिली.

जरा शांत झाल्यावर मी त्यांना म्हणाले, "राहेलबाई, तुमच्याकडंही एक काम आहे. कधी मी या स्टँडवर येऊन जालन्याच्या गाडीची चौकशी करताना दिसले, तर मला हाताला धरून घरी न्यायचं. मी काय वाट्टेल ते सांगेन. ऐकायचं नाही."

"नेईन की," त्या म्हणाल्या.

त्या एका महिन्यात त्यांनी मला दोनदा परत आणलं.